कपाटात कोंडलेला चेलो

मित्रांनो, माझ्याजवळ येताना तुम्ही नाक धरलंत तरी मला राग येणार नाही. मी एक जुनी टेप आहे आणि माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. तो वास माझा नव्हे, मला ज्या कपाटात कोंडलं होतं त्या कपाटाचा आहे. पण खरं सांगू? त्या घरात मी जे ऐकलं, त्यापुढे डांबरगोळ्या म्हणजे अत्तरच.

मी तपकिरी रंगाची रुंद फीत आहे, ताटाएवढ्या पत्र्याच्या चाकावर गुंडाळलेली. माझ्यावर एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत आहे. गाणी नव्हेत बरं का! पडद्यावर कुणी न बोलता दार लावून निघून जातं, तेव्हा मागे जे वाजतं ना, ते. गाण्यांना लोक डोक्यावर घेतात आणि या संगीताला कुणी हिंग लावून विचारत नाही. ते मात्र गपचूप तुमच्या डोळ्यांतून पाणी काढून जातं.

त्या काळी सगळे वादक एकाच मोठ्या खोलीत बसून वाजवत. भिंतींना जाड घोंगड्या लावलेल्या असत. एकाला खोकला आला की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्या वादकांत एक तरुण बाई होती. ती चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा दांडगा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. तिची मुलगी अंगावर पिणारी होती आणि घरी सांभाळायला कुणी नव्हतं. मग ती काय करायची, चेलोची रिकामी पेटी शेजारी उघडी ठेवायची आणि तिच्यात दुलई घालून लेकीला निजवायची. पेटीला आतून मखमल होती. राजकन्येलाही असा पाळणा मिळाला नसेल. मधल्या सुट्टीत ती पडद्याआड बाळाला पाजायला जाई आणि बाकीचे वादक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उसासे टाकत.

शेवटच्या दिवशी एकट्या चेलोचा लांब तुकडा होता. चित्रपटात एक बाई रिकामं घर झाडते, किल्ली शेजारणीच्या हातात देते आणि निघून जाते, तेव्हाचा. चेलोबाईनं तो असा वाजवला की घड्याळं बघणारेही माना खाली घालून बसले. तुकडा संपत आला आणि पेटीतून बाळानं एक हुंकार दिला. छोटासा, दुधाळ. सगळ्यांचा श्वास अडकला. आईच्या हातातला गज थांबला नाही. संगीतकाराला सगळे मास्तर म्हणत, त्यांचा हातही खाली आला नाही. शेवटचा सूर विरला तेव्हा मास्तर म्हणाले, "हेच ठेवा."

पण ठेवलं कुणी? चित्रपट लांबला म्हणून तो प्रसंगच कापला. बाजारात तबकडी आली तिच्यावर सगळी गाणी आणि पार्श्वसंगीताचे चार तुकडे. चेलोचा तुकडा नाहीच. पोराच्या आवाजाला कोण पैसे देणार, असं म्हणे कुणीतरी म्हणालं. चेलोबाईला निरोप गेला की पुढच्या वेळी मूल आणू नका. मूल कुठे ठेवता येत नव्हतं, म्हणून पुढची वेळ आलीच नाही. चेलो विकला गेला. आपण त्या दिवशी काय वाजवलं, हे तिनं कधी ऐकलंसुद्धा नाही.

पुढे तो स्टुडिओ बंद पडला आणि मी भंगारात गेले. तिथून मला एका दातांच्या डॉक्टरानं उचललं. मला वाटलं, सुटले बाई! त्यानं मला मऊ फडक्यानं पुसलं. खिडक्या लावून, पडदे ओढून एकदा ऐकलं. मग लोकरीच्या स्वेटरात गुंडाळून कपाटात घातलं, वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि किल्ली फिरवली.

आता जे सांगते, त्याचा वास डांबरगोळ्यांहून वाईट.

तो चित्रपट पुढे लोकांच्या फार लाडका झाला. त्याचं संगीत पूर्णच्या पूर्ण, एकही तुकडा न गाळता बाहेर काढा, असं म्हणणाऱ्या रसिकांचं एक मंडळ झालं. दर रविवारी ते जमायचं कुठे? डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. अध्यक्ष कोण? डॉक्टर! संगीत कंपनीला पत्रं जात, कंपनी कळवी की मूळ टेप मिळाली तर काढू. असं उत्तर आलं की डॉक्टर टेबलावर मूठ आपटून म्हणे, हा रसिकांवर अन्याय आहे, ही टेप ज्यानं दडवली त्याला माफी नाही. आणि मी त्याच्या पाठीमागे, दोन हातांवर, स्वेटरात! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

एकदा मिरवायची हौस आवरेना, म्हणून त्यानं त्या चेलोच्या तुकड्याचा शेवटचं जेमतेम अर्धं मिनिट मंडळाला ऐकवलं. कुणा अनोळखी माणसानं पाठवलं म्हणाला. तो तुकडा या फोनवरून त्या फोनवर फिरला आणि बाळाच्या हुंकारावरून मंडळात जुंपली. बँकेतले निवृत्त रोखपाल म्हणत, खुर्ची करकरली. चित्रकलेचे शिक्षक म्हणत, कबूतर आहे. तिसरा म्हणे, टेपच खराब असणार. म्हणजे आळ माझ्यावर!

एका रविवारी दारात दोन बायका आल्या. एक शाळेची व्हॅन चालवणारी पन्नाशीची बाई आणि तिच्या हाताला धरून तिची म्हातारी आई. मंडळात तेव्हा कबुतराचाच विषय चालू होता.

व्हॅनवाली म्हणाली, "ते कबूतर नाही हो. ती मी आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. आईला आता ऐकू कमी येतं, बारीक आवाज तर गेलेच. फोनवर आलेलं ते अर्धं मिनिट सोडलं, तर आपल्या आईला वाजवताना आपण कधी ऐकलं नाही आणि आईनंही स्वतःला ऐकलं नाही. कान पुरते जाण्याआधी तिला एकदा ऐकवायचं आहे, टेप कुठे असेल काही कल्पना आहे का? डॉक्टरनं चष्मा काढून डोळे पुसले. टेप काळाच्या उदरात गडप झाली म्हणाला. म्हातारीपुढे बिस्किटांची बशी सरकवली. मित्रांनो, मला हात असते तर ती बशी मी उलटी केली असती.

चहा देणारी डॉक्टरांची बायको हे सगळं उभ्यानं ऐकत होती. मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या म्हातारीला तरी ऐकवायची होती."

"अगं, सगळ्यांनी ऐकली तर माझ्याकडे काय राहिलं?"

बायकोनं कपबशा विसळल्या. दुसऱ्या दिवशी नवरा कुणाची तरी दाढ उपटायला गेल्यावर तिनं मला बाजाराच्या पिशवीत घातलं, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि थेट कंपनीत नेलं. जाता जाता व्हॅनवालीलाही कळवलं.

कपाटातल्या ओलीनं माझे थर एकमेकांना चिकटले होते. तिथल्या कारागिरानं मला मंद उबेच्या पेटीत ठेवून वाळवलं. मखमलीतल्या त्या बाळासारखी मी तिथे पडून होते. तो म्हणाला, आता ही एकदाच नीट वाजेल, मग हिच्यावरचा आवाज धरणारा लेप सुटणार.

मी वाजले. म्हातारी कान पुढे करून बसली होती. चेलोचे खोल सूर तिच्यापर्यंत पोचले, कारण तिची बोटं गुडघ्यावर तारा दाबू लागली. शेवटी हुंकार आला. लेक दचकली. आईला तो ऐकूच आला नाही.

"आई, मी रडले का गं तेव्हा?"

"छे! तू झोपेत हसलीस."

कंपनीचे साहेब मागे उभे होते. ते कारागिराला म्हणाले, की तो बाळाचा आवाज तेवढा पुसून टाका, आता एका बटणाचं काम आहे.

लेकीनं हे आईच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. म्हातारी उठून उभी राहिली.

"पूर्ण संगीत काढताय ना? मग ती राहू दे. ती पुसणार असाल तर माझं वाजवणंही पुसा."

साहेबांनी बटणावर हात ठेवू दिला नाही.

संपूर्ण संगीत बाहेर आलं, सोनेरी अक्षरांच्या डब्यात. टेप त्यांच्या घरून आली म्हणून आत पहिल्याच पानावर ती जिवापाड जपल्याबद्दल डॉक्टरांचे आभार आहेत. त्यांनी हारही घालून घेतला. मंडळातले निम्मे लोक आता बाळाशिवायची स्वच्छ आवृत्ती मागताहेत आणि चित्रकलेचे शिक्षक अजून म्हणतात, कबूतरच आहे. शिसारी येते, दुसरं काय!

मी आता वाजत नाही. लेप सुटला, काम झालं. पण मित्रांनो, तुमच्या घरात, कुणाच्या कपाटात माझ्यासारखी एखादी कोंडलेली असेल, तर तिला आजच बाहेर काढा. पुसा, वाळवा, वाजवा. आणि तिच्यात ज्याचा आवाज आहे, त्याला सगळ्यांच्या आधी बोलावून ऐकवा. टेप एक वेळ वाट बघेल हो, माणसाचे कान बघत नाहीत.