फितीवर राहिलेली हाक

हल्लीच्या गाण्यांचा विषय निघाला की ओडेसाबाई कुणाची गय करत नसत. मेम्फिसच्या त्यांच्या चर्चमध्ये नवा कीबोर्ड आला तेव्हा त्यांनी पाद्रीबाबांनाच विचारलं होतं, देवाला बहिरा समजलात की काय. आता गाणारी एका गावात, ढोल दुसऱ्या गावात आणि सूर लावणार मशीन. आमच्या वेळी सगळे एका खोलीत उभे राहायचे आणि एका दमात गायचे, त्यात जोडकाम नव्हतं, हे त्यांचं ठरलेलं पालुपद. ऐकणारे माना डोलवत आणि पुन्हा जेवणाकडे वळत.

पण दाखला म्हणून त्या ज्या गाण्याचं नाव घेत, ते लावायची त्यांना स्वतःलाच भीती वाटे. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, व्हर्लीनचं. त्या तबकडीत प्रत्येक ओळीच्या क्षणभर आधी तीच ओळ कुणीतरी लांबून पुटपुटायचं. व्हर्लीनला जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी ती गाण्याच्या आधी येऊन उभी राहायची.

ती का येते, हे ओडेसाबाईंना पक्कं ठाऊक होतं. गाणं दोघींचं होतं, शेवटचं कडवं ओडेसाचं. चर्चची रीत अशी, की आपलं कडवं संपलं की पुढच्या गाणाऱ्याला नावाने हाक मारायची. हाक आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओचे मालक ग्रेडी यांनी दारातच सांगितलं, धाकटीची गरज नाही. व्हर्लीनने मान वर केली नाही, शब्द काढला नाही. ओडेसा बस धरून घरी आली. तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर शेवटचं कडवंच नव्हतं. बहिणीने आपलं कडवं गिळलं, हा काटा त्यांच्या मनातून कधी निघाला नाही; त्याच अपराधापायी ती परत येते, असं त्या धरून चालल्या होत्या. व्हर्लीनच्या अंत्यविधीला सगळं चर्च गात होतं, आणि त्या मागच्या बाकावर तोंड मिटून बसल्या होत्या.

आता व्हर्लीनची नात शनीस ते गाणं साफसूफ करून पुन्हा काढणार होती. ती स्टुडिओतच काम करायची आणि मूळ फीत तिच्या हाती लागली होती. एका दुपारी तिने ओडेसाबाईंना बोलावून घेतलं. बाई गेल्या त्या भांडायच्या तयारीनेच.

शनीसने आधी त्या पुटपुटण्याचा उलगडा केला. फीत गुंडाळलेली राहते, एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, म्हणून ओळ आधीच ऐकू येते. भूतबीत काही नाही, म्हणाली, एका बटणात जाईल.

"मग पुसून टाक," ओडेसाबाई म्हणाल्या. इतकी वर्षं जिच्यावर रागवायचं ती नुसता फितीचा दोष निघाली होती.

"पण आजी, शेवटी एक घोळ आहे. शेवटच्या ओळीनंतर कुणीतरी पुटपुटतंय, आणि पुढे तर ओळच नाही." शनीसने फितीवरचा जोड दाखवला. "इथे ब्लेडने कापलंय. पुढचा तुकडा फेकून दिला. पण त्याआधी फीत काही दिवस गुंडाळून पडली असणार, म्हणून आवाज मागच्या वेढ्यावर राहिला."

"कापलंय?"

"तुमच्या वेळीही कापायचे, आजी."

एरवी या टोमण्याला बाईंनी चांगलं उत्तर दिलं असतं. आज त्या म्हणाल्या, "लाव."

आधी नुसती खरखर आली. मग फार लांबून, पण स्पष्ट, व्हर्लीनचा आवाज.

"ये, डेसा."

आणि फीत संपली.

ओडेसाबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. त्यांना तो दिवस डोळ्यांसमोर दिसू लागला: काचेमागे ग्रेडी, खोलीभर वाजवणारे, आणि व्हर्लीन त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हाक मारते आहे. दारात तिची जीभ उचलली नव्हती; गाताना मात्र तिने सगळ्यांसमोर बहिणीचं नाव घेतलं होतं. तेच कापलं गेलं. आणि ज्या बाईने हाक मारली तिला आपण मुक्यानेच पुरलं, हे ओडेसाबाईंना आत्ता कळत होतं.

शनीसने हळूच विचारलं, "कंपनी याला दोष म्हणेल. ठेवू की पुसू?"

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "पुन्हा लाव," म्हणाल्या.

हाक आली, आणि त्यांनी आपलं कडवं सुरू केलं. पहिलाच सूर खाली घसरला, दुसऱ्या ओळीला दम तुटला, पण त्या थांबल्या नाहीत. कडवं संपल्यावर, रीतीप्रमाणे, पुढच्या गाणाऱ्याला हाक मारायची होती.

"व्हर्लीन," त्या म्हणाल्या, आणि वाट बघत उभ्या राहिल्या.