हिरवे बरे की पट्टेवाले

ज्या संध्याकाळी पिवळ्यांनी फुटबॉलचा चषक जिंकला, त्या संध्याकाळपासून पिवळ्यांचे दोन कट्टर पाठीराखे एकमेकांशी बोलेनासे झाले. त्याआधीच्या साऱ्या पराभवांत त्यांचे कधी भांडण झाले नव्हते.

दोघांपैकी एक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. कोणी काहीही सांगितले की "पुरावा?" असे विचारायची त्यांना खोड होती, म्हणून माघारी सगळे त्यांना पुरावासाहेब म्हणत, आणि माघारी म्हणतात, हे त्यांना पुराव्यानिशी ठाऊक होते. दुसरा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्याचे दुकान चालवणारा. दर रविवारी मेहुणा येई आणि कोचाच्या डाव्या टोकाला बसे. उजवे टोक साहेबांचे, आणि मध्ये खाऱ्या दाण्यांचा वाडगा. साहेबांना मित्र म्हणावा असा हा एकच माणूस उरला होता. बाकीच्यांनी पुरावे देऊन देऊन नाद सोडला होता.

कोचाला एकच नियम होता. फार पूर्वी एका लाजिरवाण्या पराभवाच्या वेळी दोघांनी तो मिळून केला होता: शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कोणी उठायचे नाही. पिवळे इतक्या सातत्याने हरत की हा नियम पाळणे म्हणजे तपश्चर्याच होऊन बसली होती.

यंदा मात्र पिवळे चुकूनमाकून बाद फेरीत पोचले. उपांत्य सामन्यात त्यांनी हिरव्यांना हरवले, तो सामना दोघांनी नखे कुरतडत अखेरपर्यंत पाहिला. अंतिम सामना पट्टेवाल्यांशी होता. वीसेक मिनिटे उरली असताना पिवळे दोन गोलांनी मागे पडले. साहेबांनी मनातल्या मनात गणित मांडले, जिंकण्याची शक्यता नगण्य असल्याचे जाहीर केले आणि "निदान उद्याचे शर्ट तरी होतील" म्हणत ते आतल्या खोलीत गेले. दार लावून त्यांनी इस्त्री तापत ठेवली. पुढे कधीतरी, एका कॉलरशी झटापट चालू असताना, बाहेरून मेहुण्याची आरोळी आली. साहेब बाहेर आले तेव्हा पिवळे चषक उचलत होते आणि कोचाच्या डाव्या टोकाला मेहुणा एकटाच डोळे पुसत होता.

उरलेला सामना साहेबांनी जेवताना रेकॉर्डिंगवर पाहिला. निवांत, ताटातले काही गार होऊ न देता.

"हे पट्टेवाले फारच सुमार निघाले," ते म्हणाले. "हिरवे कितीतरी बरे."

मेहुण्याचा हात ताटावरच थांबला. "सुमार? भाऊजी, शेवटी त्यांचे दोन फटके गोलपोस्टला लागले. जीव कंठाशी आला होता माझा."

"पोस्टला लागला म्हणजे आत गेला नाही. हिरव्यांचा गोलरक्षक आठव. भिंत होती भिंत."

"भिंतच होती. हलत नव्हता म्हणून तर आपले गोल झाले."

"आणि त्यांची बचावफळी?"

"माझ्या दुकानातल्या काउंटरसारखी. कोणीही वळसा घालून आत येतं."

"पुरावा?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"मीही आत्ताच पाहिलं की. त्या वीस मिनिटांत मला एकदाही धोका वाटला नाही."

मेहुण्याने अर्धे ताट तसेच ठेवले, ताईला "येतो गं" म्हटले आणि तो निघून गेला. भाऊजींना काहीच म्हटले नाही.

पुढचे सगळे रविवार कोचाचे डावे टोक रिकामे राहिले. साहेबांनी या समस्येकडे वैज्ञानिक दृष्टीने पाहायचे ठरवले, म्हणजे ती आणखी बिघडवली. त्यांनी दोन्ही संघांच्या फटक्यांचा आणि पासांचा रंगीत आलेख काढला, त्यात संभाव्य त्रुटीही दाखवली आणि तो मेहुण्याला पाठवला. उत्तरादाखल फोनवर नुसता एक अंगठा आला. साहेबांना त्यात सहमती दिसली.

बायकोने फोन हातात घेऊन पाहिला. "अहो, हा अंगठा तुम्हाला दाखवलाय," ती म्हणाली. "हरत होतात तेच बरं होतं. दाणे तरी संपत होते."

नवा हंगाम येत्या रविवारी सुरू होणार होता. एकट्याने पाहिलेला सामना कसा लागतो, याचा अनुभव साहेबांना नव्हता, आणि तो घ्यायची इच्छाही नव्हती. ते डोळे तपासायच्या निमित्ताने दुकानात गेले.

मेहुण्याने त्यांना खुर्चीत बसवले, नाकावर जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग सरकवायला सुरुवात केली.

"आता बरं की आधीचं बरं?"

"आधीचं. हिरव्यांसारखं स्वच्छ."

भिंग बदलले. "आणि हे?"

"हे पट्टेवाल्यांसारखं. कडेला नुसता गोंधळ."

"भाऊजी, समोर बघा. खालची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"वाटलंच होतं," मेहुणा म्हणाला आणि त्याने नंबर लिहून घेतला.

"रविवारी येतोस ना?"

"रविवारी दुकानात गर्दी असते."

रविवारी दुकान बंद असते, असे दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेले होते. साहेबांनी आयुष्यात प्रथमच हाताशी असलेला पुरावा पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चवीची चाचणी होती. जुन्या तलावाचे पाणी बरे की नव्या विहिरींचे, हे ठरवायचे होते. सारखे पेले, त्यांच्यावर नुसते आकडे, आणि भिंतीवर साहेबांनीच लिहून लावलेला नियम: ज्याला पाणी कुठले ते आधी कळले, त्याची जीभ त्या दिवसापुरती बाद. चाखणाऱ्यांतल्या सर्वांत अनुभवी बाईंनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या येता येता वाचल्याचे स्वतःच सांगितले.

"बाहेर बसा, बाई."

"साहेब, माझी जीभ खोटं बोलणार नाही."

"खोटं ती बोलत नाही हो. पण एकदा उत्तर कळलं की तिला तेच लागायला लागतं. कळल्यावर चाखलेलं आपण चाखल्यात धरत नाही."

बाई गेल्या. साहेब हातात पेला घेऊन तसेच उभे राहिले. पिवळे जिंकल्याचे ठाऊक असताना, पुढ्यात ताट घेऊन पाहिलेल्या सामन्यात पट्टेवाल्यांचा धोका वाटणार तरी कुणाला? त्यांची साक्ष त्यांच्याच नियमाने बाद होती. आलेखही बाद होता, कारण त्यात काय मोजायचे, हे त्यांनी मत बनवल्यानंतरच ठरवले होते.

पण एवढ्याने मूळ कोडे सुटत नव्हते. मेहुण्याने त्यांची याहून भिकार मते वर्षानुवर्षे दाणे खात ऐकून घेतली होती. एका मतासाठी तो ताट सोडून उठला नसता. साहेबांनी मग तेच केले, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते: सगळे पराभव एका बाजूला ठेवले, चषकाचा विजय दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत फरक कोणता ते पाहिले. फरक एकच निघाला, आणि तो मैदानावर नव्हता.

संध्याकाळी ते पुन्हा दुकानात गेले. मेहुणा काचा पुसत होता.

"पट्टेवाले शेवटी कसे खेळले, ते सांग मला."

"आलेख पाठवलात की."

"तो फेकून दे. मी नव्हतो तिथे."

मेहुण्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. "पुरावा मागाल."

"नाही मागणार."

मेहुण्याने फडके खाली ठेवले आणि साहेबांना समोर बसवले. काउंटरवर चष्म्याच्या डब्या मांडून तो एकेक चाल दाखवू लागला. दुसरा फटका पोस्टला लागला तेव्हा एक डबी थेट साहेबांच्या मांडीवर येऊन पडली. साहेबांनी ती मुकाट्याने परत दिली. पट्टेवाले खरोखरच बरे वाटत होते. हिरव्यांहून बरे होते का, ते त्यांनी विचारले नाही.

रविवारी मेहुणा आला. "इस्त्री कुठे आहे, ताई?" असे विचारून त्याने ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि तो डाव्या टोकाला जाऊन बसला. पिवळे हरले. दाणे संपले.

तो गेल्यावर बायकोने रिकामा वाडगा उचलता उचलता विचारले, "काय हो, नेमकं झालं तरी काय होतं?"

"अंतिम सामन्यात मी मध्येच उठून गेलो," साहेब म्हणाले, "आणि तो एकटा बसला होता."