खालच्या ओळीतला खण

मी एक जुनी चपलांची मांडणी आहे. हसू नका, मित्रांनो. कपाटाला आरसा मिळतो, टेबलाला फुलदाणी मिळते, माझ्या वाट्याला मात्र माणसांचे पाय आले. माझी जागाही कायम दाराबाहेर, व्हरांड्यात. पण दाराशी उभे राहून जेवढे कळते, तेवढे आतल्या सोफ्याला जन्मात कळत नाही.

ज्या घराच्या दाराशी मी उभी आहे, ते दारू सोडणाऱ्या माणसांचे घर होते. दवाखान्यातून बरा होऊन निघालेला माणूस थेट आपल्या गल्लीत परतला, तर जुने दोस्त वाटच पाहत असतात. म्हणून मधले काही महिने त्याने इथे राहायचे. सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा, सकाळी ज्याने त्याने आपापल्या कामावर जायचे. घर चालवणारी बाई पूर्वी नर्स होती. तिच्याहून वयाने मोठे पुरुषही तिला मावशी म्हणत.

मला घडवले ते तिथे राहायला आलेल्या एका सुताराने. दारू नुकतीच सुटली होती, हात थरथरत होते. त्याने खालून सुरुवात केली, म्हणून माझ्या खालच्या ओळीतले खण वाकडेतिकडे आहेत. मधली ओळ जरा बरी. वरच्या ओळीपर्यंत येईतो त्याचा हात असा बसला, की कुठे फट म्हणून सापडायची नाही. काम संपल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मावशी, ही खालची ओळ खोलून परत करू का? लाज वाटते बघून."

"अजिबात नको," मावशी म्हणाली. "नवीन येईल त्याला तीच ओळ देऊ. मग वरची बघून त्याला धीर येईल."

तेव्हापासून घरात तसा रिवाजच पडला. नव्या माणसाच्या चपला खालच्या ओळीत. तो जसजसा सावरेल, तसतशा वर. कुणाचा पाय घसरलाच, तर चपला पुन्हा खाली ठेवायच्या आणि मावशीला हाक मारायची. भाषण नाही, रडारड नाही. मावशी दार उघडून एवढेच म्हणे, "आलास ना? चल, हातपाय धू, जेवायचं राहिलंय."

मी पुष्कळ पाय पाहिले, पण माझा जीव जडला तो एका ड्रायव्हरवर. धाकटी बहीण त्याला दंडाला धरून घेऊन आली होती. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल.

"ही कसली रे जोडी?" मावशीने विचारले.

"घरी अशीच अजून एक आहे," ड्रायव्हर म्हणाला. विनोद जुनाच होता, पण मावशी पोट धरून हसली. बहीण हसली नाही. ती पदराने डोळे पुसत होती.

त्या घरात सगळ्यात अवघड असे ती कातरवेळ. दिवे लागले, की कुणी ना कुणी माझ्यापाशी येऊन उभा राही. चपला काढी, घाली, पुन्हा काढी. मग आत तोंड करून म्हणे, "मावशी, जरा पाय मोकळे करून येतो." मित्रांनो, हे वाक्य ऐकले की माझ्या फळ्यांना कापरे भरे. फाटकातून डावीकडे गेले की मैदान लागते आणि उजवीकडे दारूचे दुकान.

"थांब रे, मीपण येते!" मावशी आतून ओरडे. हातातले काम टाकून ती चपला घाली आणि त्याच्यासोबत डावीकडे वळे. तिचे औषध एवढेच होते. ड्रायव्हर दोनदा खालच्या ओळीत परत आला, तरी अखेर वरच्या ओळीत पोहोचला. त्याला सामानाची गाडी चालवायचे काम मिळाले. ज्या दिवशी त्याने वरच्या खणात नवे बूट ठेवले, त्या दिवशी मला स्वतःचाच हेवा वाटला.

मग घराचेच पाय डळमळले. भाडे एका योजनेतून येत असे. ती योजना घर सुरू करण्यासाठी होती, चालू ठेवण्यासाठी नव्हती. मुदत संपली. मावशीने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, असे लोक म्हणत. उंबरठ्यांचे मला ठाऊक नाही, तिच्या टाचा झिजलेल्या मी रोज पाहत होते. शेवटी एक साहेब पाहणीला आले. बूट न काढताच आत गेले आणि निघताना म्हणाले, "काम छान आहे तुमचं. पण आता संस्थेनं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं."

"साहेब, इथे माणसं उभी राहायला येतात," मावशी म्हणाली. "उभी राहिली की जातात. गेली नाहीत तर आमचं काम फसलं म्हणायचं. मग घरानं कुणाच्या पायावर उभं राहायचं?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि काढता पाय घेतला.

मदत अगदीच आली नाही असे नाही. एका मंडळाने चपलांसाठी चकचकीत स्टीलचा स्टँड दिला. त्यावर मंडळाचे नाव होते. त्याच्याशेजारी उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले. मावशीने भाड्याचा विषय काढला, तेव्हा एक गृहस्थ गोंधळून म्हणाले, "पण भाड्यावर नाव कुठं घालणार?"

ते गेल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ह्या स्टँडमध्ये घरमालकाला बसवता येईल का?" त्या दिवशी हसणारा तो एकटाच होता, आणि त्याचेही हसू लवकर ओसरले. बहिणीच्या घरी पाय पसरायला जागा नव्हती. नवी खोली घेण्याइतके पैसे अजून साठले नव्हते. "अजून दोन-तीन महिने मिळाले असते ना," तो म्हणाला.

घर बंद झाले. एकेकाने आपापल्या चपला उचलल्या. स्टीलचा स्टँड मंडळाने परत नेला. मावशी भावाकडे दूर गावी गेली. ड्रायव्हर त्याच्या जुन्या गल्लीत परतला. मी तेवढी कुलूप लावलेल्या दाराशी राहिले, कारण मी कुणाला नको होते.

काही दिवसांनी, दिवे लागायच्या वेळी, फाटक वाजले. ड्रायव्हर आला होता. तोल सावरत तो पायऱ्या चढला. माझी वरची ओळ सबंध रिकामी होती. तिच्याकडे त्याने पाहिलेही नाही. खाली बसून त्याने बूट काढले आणि खालच्या वाकड्या खणात नीट शेजारी शेजारी ठेवले. मग दारावर थाप मारली.

"मावशी, आलोय. खाली ठेवलेत बूट."

त्याला शिकवले होते तसेच त्याने केले, मित्रांनो. काही म्हणता काही चुकला नाही. तो पायरीवर बसून वाट पाहत राहिला. दार उघडले नाही. मला ओरडावेसे वाटत होते, पण लाकडाला कुठले तोंड? बऱ्याच वेळाने तो उठला, बूट पायात घातले आणि कुलपाकडे बघत सवयीने म्हणाला, "मावशी, जरा पाय मोकळे करून येतो."

बोलून तो क्षणभर तसाच थांबला. थांब रे, असे आतून कुणीतरी म्हणेल, याची तो वाट पाहत होता. मग तो फाटकातून उजवीकडे वळला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी मंडळ काढाल. घरे उघडायला जरूर जा, फोटोही काढा. पण नंतरही त्या घरांना विसरू नका, त्यांची दारे उघडी राहू द्या. आणि कातरवेळी कुणी पाय मोकळे करायला निघाले, तर आपल्या चपला घाला आणि सोबत जा. तुम्हाला ते जमेल. मला चार पाय आहेत, पण त्या संध्याकाळी त्यातला एकही उचलला नाही.