रिकाम्या भिंतीवरचा तक्ता

"ग, ट, म, र, प, ल!" मुलीनं घडाघडा म्हटलं.

सिस्टरनं मान वर न करता रजिस्टरमध्ये लिहिलं, नजर उत्तम. "शाब्बास. पुढची."

रांगेत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "अहो सिस्टर, तक्ता कुठाय?"

सिस्टरनं वर पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा. तक्त्याची दोरी तुटून तो फरशीवर पालथा पडला होता. सातवीतली ती लांब वेणीवाली एक डोळा तळव्यानं झाकून कोऱ्या भिंतीसमोर उभी होती.

"काय दिसतंय गं समोर?"

"तक्ता."

"तो पडलाय."

मुलीनं झाकलेला डोळा उघडला. त्यानं काहीच फरक पडला नाही, हे सिस्टरला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"पाठ केलंस?"

"सगळेच करतात. बाई आदल्या दिवशी फळ्यावर लिहून देतात. मला फळा दिसत नाही, मग शेजारणीनं सांगितलं."

ज्या वर्गात एकाही पोराला दोष निघत नाही, त्या वर्गाला 'निरोगी वर्ग' म्हणून ढाल मिळायची. बाईंना ढाल हवी होती, मुख्याध्यापकांना फोटो. आणि सिस्टर? तिला सगळं ठाऊक होतं. चार शाळांना मिळून ती एकटी, दिवसाला तीनशे पोरं. पाठ केलेली रांग भराभर सरकते, म्हणून बावीस वर्षं तिनं तोंड उघडलं नाही. निरोगी म्हणे! आग लागो त्या ढालीला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः मुलीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांतला दाब वाढत गेलाय. नस सुकलीय. गेलेली नजर परत येत नाही. राहिलीय तेवढी टिकवायचा प्रयत्न करू. दोन वर्षांपूर्वी का नाही आणलंत?"

शाळेत परतल्यावर मुख्याध्यापकांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "सिस्टर, मागच्या दोन वर्षांची पानं उंदरांनी खाल्ली म्हणा. नवं रजिस्टर करा. निवृत्तीला वर्ष राहिलंय तुमच्या, कशाला नसती बला?"

"उंदरांना तरी दिसतं, सर," सिस्टर म्हणाली आणि रजिस्टर काखेत मारून बाहेर पडली.

तपासणीच्या खोलीत मुलीची आई बसली होती. सिस्टरनं तिच्यापुढे तिन्ही वर्षांची पानं उघडली. "ताई, हे अक्षर माझं. पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही वेळा न बघता लिहिलंय. झेरॉक्स काढून घ्या. तक्रारीत पहिलं नाव माझं घाला. मग बाईंचं, मग मुख्याध्यापकांचं."

आईनं सहावीच्या पानावर बोट ठेवलं. "तुम्ही शाब्बास म्हणाला होता तिला गेल्या वर्षी. घरभर सांगत सुटली होती. मी नवी रिबीन आणली तिला."

सिस्टरला वाटलं, हिनं शिव्या घालाव्यात. तिनं घातल्या नाहीत.

चौकट चाचपत मुलगी आत आली. "सिस्टर, माझं एखादं अक्षर चुकलं का?"

"नाही गं. एकही नाही."

"मग आमच्या वर्गाची ढाल का गेली?"

आईनं तिला जवळ ओढलं, पाठमोरी उभी केली आणि वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. गाठ काही बसेना.