रोगाची कळी

'मांडीला खळी, रोगाची कळी. लेप लावा बाई, खूण उरणार न्हाई.'

लेप विकणाऱ्या नाथाजीचा तो गोड गळा अजून माझ्या कानात आहे. लढाईच्या दिवसांतला वडूजचा बाजार. जोंधळ्याच्या पोत्यांपलीकडे त्याचं पाल आणि पालापुढे बायांची ही रीघ. आत त्याची बायको सुलाबाई बसे. ती एकेकीच्या मांडीची कातडी दोन्ही हातांनी आवळी, की भाकरीवर बोटं उमटावीत तसे खळगे दिसत. महारोगाची सुरुवात हाय, असं ती कानात सांगे. मग कापराच्या घमघमाटाचा लेप. घटकाभरानं पुसला, की मांडी लालबुंद आणि गुळगुळीत. आमच्या गावची चंद्राबाई तर बाहेर येऊन नाथाजीच्या पायाच पडली.

दुसऱ्या दिवशी खळगे परत येत. त्यावरही नाथाजीचं उत्तर तयार असे: रोग हट्टी आहे, लेप जाड लावा. गुण आला तर तो लेपाचा, नाही आला तर बाईच्या पापाचा.

अंजना आमच्या शेजारच्या अंबूबाईंची सून. नवरा पलटणीत, पदरात तान्ही लेक. तिच्या मांडीवरचे खळगे दिसल्यापासून सासू तिला जवळ येऊ देईना, नातीलाही हात लावीना. लेपानं फोड आले, खळगे जागच्या जागी. शेवटी अंबूबाईंनी निक्षून सांगितलं: या बाजारी गुण आला नाही, तर पोरीला घेऊन जतला माहेरी जायचं, परत यायचं नाही. महारोगी म्हणून परतलेल्या बाईला कुठल्या विहिरीवर पाणी भरू देतील?

त्या बाजारी मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना, वाईच्या शरयूताईंना, सोबत घेतलं. पालात अंजना बसली होती. अंबूबाई कोपऱ्यात. चंद्राबाई पुन्हा लेपासाठी आलेली. बाहेर नाथाजीचा सूर चढत होता.

शरयूताईंनी अंजनाला डोळे मिटायला सांगितलं आणि खळग्यांवर हलकेच सुई टोचली. अंजना कळवळली.

"महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो," शरयूताई म्हणाल्या. "हिला तर टोचलेलं कळतंय. सुलाबाई, आता तुमची मांडी बघू."

सुलाबाई पडद्याकडे सरकली. चंद्राबाईनं वाट अडवली.

"आमची समद्यांची बघितलीस की. आता का गं लाजतीस?"

सुलाबाईचं तोंड उतरलं. तिनं लुगडं वर घेतलं. शरयूताईंनी कातडी आवळली, तेच खळगे, तसेच्या तसे. बाहेरचं गाणं मधेच थांबलं.

शरयूताईंनी लेप फडक्यात घेऊन पाण्यात खळबळला. कापराचा वास विरला. फडक्यावर काळपट टरफलं उरली. चंद्राबाईनं चिमूट नाकाशी नेली.

"आगं, ही तर फोडणीची मोहरी."

"मोहरीनं कातडी सुजते," शरयूताई म्हणाल्या. " सुजली की खळगे बुजतात, सूज उतरली की परत दिसतात. गादीचा टाका ओढतो तिथं खळगा पडतो ना, मधे कापूस फुगतो? तसंच कातडीखाली चरबी असते आणि तिला ओढून धरणारे धागे असतात. बहुतेक बायकांना हे असतं. लेपानं ते जात नाही, आणि घालवायची गरजही नाही."

बाहेर नाथाजी पालाच्या खुंट्या उपटू लागला होता. म्हणून मी सांगते, बायांनो, अंगावरची खूण कुणी रोग म्हणून दाखवली, तर घाबरण्याआधी एवढं विचारा: ही तुझ्या अंगावर नाही का? आणि औषध देणाऱ्याला विचारा, यात काय घातलंय?

अंजना डोळे पुसत उठली. अंबूबाई मात्र हलल्या नव्हत्या. जमिनीकडे बघतच त्या बोलल्या.

"मला बी हायती गं. लगीन होऊन आले तवापास्नं. कुणाला सांगितलं न्हाई, तुझ्या सासऱ्याला बी न्हाई. वाटलं, माझाच रोग तुला लागला, आता पोरीला बी लागंल. म्हून तुमा दोघींना माझ्यापास्नं लांब धाडत हुते."