घोंगडी हॉलमध्ये आली

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाडजूड आणि टोचरी. नव्या माणसाला मी टोचतेच, त्याला माझा इलाज नाही. आज मी कुपवाडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध पसरले आहे आणि माझा तोरा बघण्यासारखा आहे.

माझा जन्म आटपाडीचा. माझे धनी आप्पासो, त्यांच्या मेंढरांची लोकर, त्यांच्या बायकोने कातलेलं सूत, घोंगड्या विणणाऱ्या गावच्या सणगराचा माग आणि वरून चिंचोक्याची खळ. त्या खळीने मला ताठा आला. आप्पा मला खांद्यावर टाकून मेंढरांमागे मुलुख हिंडले. पावसात मी त्यांचं छप्पर, थंडीत पांघरूण. भावकीतल्या सोयरिकी माझ्यावर बसूनच ठरायच्या. घोंगडीवर दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही.

आप्पांचे गुडघे गेले, तशी मेंढरं विकली. मुलगा नाथाजी कुपवाडच्या कारखान्यात. त्याने वडलांना आपल्याकडे आणलं, त्यांच्याबरोबर मीही आले. सून रेश्मा मनाने वाईट नाही. पण मला मेंढरांचा वास येतो म्हणून तिने मला वॉशिंग मशीनमध्ये घातलं! लोकरीने मशीन तुंबलं, माझी खळ वाहून गेली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली.

माझ्यामागून आप्पाही वळकटी उचलून गॅलरीत आले. मग त्यांचं ताटही तिथेच येऊ लागलं. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, पण आत या असंही कुणी म्हणालं नाही. मला भयंकर राग यायचा.

नात शिवांजली मात्र एका दुपारी चिंचोके घेऊन आली. "आप्पा, खळ कशी करत्यात, दाखवा की." दोघांनी मिळून मला पुन्हा ताठ केलं. आप्पा कितीतरी दिवसांनी हसले.

पुढे तिच्याच लग्नाची सुपारी फुटायची होती. विट्याचे पाहुणे येणार म्हणून नाथाजी वडलांना म्हणाला, "आप्पा, तुमी जरा आतल्या खोलीत बसा. पावणं शिकल्याली हाईत."

"बसतो की," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

पाहुणे सोफ्यावर टेकले. शिवांजली चहाऐवजी मलाच घेऊन आली! टीपॉय सरकवून तिने मला अंथरलं आणि आप्पांना हाताला धरून आणून बसवलं.

"माझी सोयरीक आप्पांच्या म्होरं, घोंगडीवरच ठरंल. न्हाईतर चहा पिऊन जावा."

नाथाजीला घाम फुटला. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी बयाबाई सोफ्यावरून उठली.

"लय बरं केलंस, पोरी. त्या गादीत मी रुतल्यागत झाले हुते. सरका आप्पासो, जागा द्या."

तिच्यामागून नवरा मुलगाही खाली बसला. मी त्याला चांगली टोचले. पठ्ठ्या हलला नाही. मला पसंत!

शेवटी नाथाजी मान खाली घालून वडलांशेजारी बसला. "आप्पा, चुकलं माजं. सुपारी तुमीच फोडा."

आप्पांनी सुपारी हातात धरून ठेवली. "फोडतो. पन मग जेवायला बी हितंच बसनार."

"आवं, बसा की," रेश्मा डोळे पुसत म्हणाली. "समद्यांची ताटं हितंच वाढते."

आणि सुपारी फुटली! शिवांजली, जिंकलीस गं!

वाचकहो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला झटकून ऊन दाखवा आणि घराच्या मधोमध अंथरा. पण त्याआधी गॅलरीत कोण बसलंय ते बघा, आणि त्याला हाताला धरून आत आणा. आम्ही थोडं टोचू. तुम्हाला सवय होईल.