गरुडाचा गळा

सुलेखाचा आवाज इतका बारीक, की अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या घरी तिनं फोन उचलून "हॅलो" म्हटलं, की पलीकडचा विक्रेता लाडानं म्हणायचा, "स्वीटी, मम्मीला दे बरं!" लेक स्वानंदी हसून लोळायची. सुलेखाही हसायची. पण सोमवारी सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता, आणि तिथं मम्मी तिलाच व्हायचं होतं.

"उत्तरं तर पाठ आहेत तुला," नवरा, यतीन म्हणाला. "फक्त मोठ्यानं बोल."

"मोठ्यानं बोलले की किंचाळल्यासारखं होतं रे. तो ऑफिसर हसला, तर पुढचं काही आठवायचं नाही मला."

शनिवारी, जानेवारीच्या गारठ्यात, यतीननं दोघींना स्कॅगिट नदीवर नेलं. अंडी घालून मेलेले सॅमन मासे खायला तिथं बॉल्ड ईगल उतरतात.

"बॉल्ड म्हणजे टकला ना? टकला गरुड!" सुलेखा म्हणाली.

"आई, ही इज नॉट टकला! बघ!"

निष्पर्ण झाडावर तो बसला होता. अंग काळोखाचं, माथा पहाटेचा. मग झेपावला. पंख उघडले ते उघडतच गेले, नदीवरून सावली सरकली, पाणीसुद्धा क्षणभर दबकल्यासारखं वाटलं. सुलेखाचे हात आपसूक जुळले. विष्णूला पाठीवर घेणारा असाच असणार. आता हा गर्जेल, म्हणून तिनं श्वास रोखला.

पलीकडच्या फांदीवर बसून गरुडानं चोच उघडली. "चीं... चिं चिं चिक्." गारठलेलं कोंबडीचं पिल्लूच जणू!

"एवढंच? यार, सिनेमात तर केवढा ओरडतो!" यतीन म्हणाला.

"आई, ही साउंड्स लाइक यू!"

यतीननं लेकीवर डोळे वटारले. सुलेखाचं लक्षच नव्हतं. दूरच्या काठावरून दुसऱ्या गरुडानं तश्शाच बारीक आवाजात ओ दिली होती. दुर्बिणी घेऊन आलेली माणसं दुर्बिणी खाली करून नुसती ऐकत राहिली. हसलं कुणीच नाही.

सोमवारी ऑफिसरच्या मागं भिंतीवर अमेरिकेचा सरकारी शिक्का होता. त्यावर तोच गरुड, पंख पसरून, चोचीत फीत घट्ट धरून. 'बोलूच दिलं नाहीये बिचाऱ्याला,' सुलेखाच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

ऑफिसरनं नाव विचारलं. तिनं सांगितलं, आपल्याच आवाजात.

त्यानं चमकून वर पाहिलं. सुलेखा थांबली नाही. आडनावही सांगितलं, स्पेलिंगसकट.